'ऑफन' म्हणजे किती वेळा?

इंग्रजीच्या तासाला 'ऑफन' या शब्दापुढे फळ्यावर 'वारंवार, बऱ्याचदा' असं लिहिलं जातं आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. अर्थ बरोबरच आहे. अडचण येते ती प्रश्न करताना. 'हाऊ ऑफन' या दोन शब्दांत इंग्रजीत जे विचारता येतं, त्यासाठी मराठीत एकच एक प्रश्न नाही. आपल्याला आधी ठरवावं लागतं की जाणून काय घ्यायचंय: ठरावीक काळात ती गोष्ट किती वेळा घडते, की एकदा घडून गेल्यावर पुन्हा घडायला किती वेळ जातो.

दिवा जंक्शनवर हा फरक रोज ऐकू येतो. ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलबद्दल नवा माणूस विचारतो, "गाड्या किती किती मिनिटांनी आहेत?" तोच माणूस वसईला किंवा पनवेलला निघाला असेल तर विचारतो, "दिवसातून किती गाड्या आहेत?" आणि उत्तर पुरतं मिळण्याआधीच, "पुढची कितीला?" सावंतवाडीची गाडी दिव्याहून रोज सुटते, पण तिच्या रांगेतल्या माणसाला कोणी गाडीचं प्रमाण विचारत नाही. त्याला विचारतात, "गावाला कितीदा जाता?" आणि तो सांगतो, "वर्षातून दोनदा. गणपतीला आणि शिमग्याला." मिनिटांचं अंतर, दिवसाची मोजणी, घड्याळातली नेमकी वेळ आणि सणांचं वर्ष, अशी चार वेगवेगळी मापं एकाच स्थानकावर वापरली जातात. इंग्रजीत या चारांपैकी तीन प्रश्नांची सुरुवात 'हाऊ ऑफन'ने झाली असती.

शहरी वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना हे माप बदलणं परिचयाचं आहे. दोन गाड्यांमधलं अंतर साधारण दहा-बारा मिनिटांच्या आत असेल तर बहुतेक लोक वेळापत्रक न बघता स्थानकावर येतात. अंतर त्याहून वाढलं की माणूस घड्याळ लावून घराबाहेर पडतो. त्याच दिव्यातला तोच माणूस डोंबिवलीला जाताना पहिल्या प्रकारचा असतो आणि वसईला जाताना दुसऱ्या. त्याची भाषाही त्याप्रमाणे बदलते. लोकल 'मिळते', वसईची गाडी 'पकडावी लागते'.

मोजणी आणि अंतर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं गणित सांगतं. तासाला दहा गाड्या म्हणजे सरासरी सहा मिनिटांनी एक. पण हे सरासरीपुरतंच खरं आहे, आणि औषधाच्या बाबतीत या 'सरासरी'ने नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' ही अक्षरं म्हणजे लॅटिनमधली वारंवारतेची क्रियाविशेषणंच आहेत: दिवसातून दोनदा, दिवसातून तीनदा, गरज पडेल तेव्हा. औषधाच्या दुकानातला मुलगा पाकिटावर १-०-१ लिहून देतो आणि तोंडाने म्हणतो, "सकाळ-संध्याकाळ." हे मराठी रूप मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात दोन डोसांमधलं अंतर आपोआप येतं. 'तीन वेळा' असं ऐकून एखाद्याने सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला गोळी घेतली तर मोजणी पूर्ण झाली, पण रात्रीचे पंधरा तास रिकामे गेले. काही प्रतिजैविकांचं रक्तातलं प्रमाण टिकून राहणं महत्त्वाचं असतं, म्हणून ती 'आठ आठ तासांनी' घ्यायला सांगतात. पॅरासिटामॉलच्या बाबतीत काळजी उलट्या बाजूची असते. ते 'गरजेप्रमाणे' घ्या म्हटलं, तरी दोन गोळ्यांमध्ये किमान चार तास गेले पाहिजेत आणि प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडता कामा नये. 'किती वेळा' आणि 'किती वेळाने' हे दोन्ही प्रश्न इथे स्वतंत्रपणे विचारावे लागतात. चिठ्ठी हातात घेताना ते दोन्ही विचारावेत, आणि विचारायला लाजू नये.

आता व्याकरणाकडे वळू, कारण मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा गोंधळ इथे होतो आणि तो त्यांच्या आळसामुळे होत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी 'आय अ‍ॅम गोइंग टू ठाणे' असं वाक्य नेहमीच्या जाण्यासाठीही अजून ऐकू येतं. यामागचं कारण असं आहे की मराठीत सवय दाखवण्याचं बरंचसं काम क्रियापद स्वतःच करतं. 'मी ठाण्याला जातो' एवढं म्हटलं तरी नेहमीचं जाणं कळतं. भूतकाळात तर आपल्याकडे त्यासाठी वेगळं रूपच आहे. 'पूर्वी दिव्याला जलद लोकल थांबत नसे.' या वाक्यात 'नेहमी', 'सहसा', 'कधीच' यांपैकी एकही शब्द नाही, तरी 'नसे' या एका शब्दाने वर्षानुवर्षांची रीत सांगितली. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. 'तो येई', 'ती बसे', 'आम्ही जात असू' ही सगळी त्याचीच रूपं. इंग्रजीला हेच सांगायला 'यूज्ड टू' किंवा 'वुड' यांची जोड लागते, नाहीतर 'ऑफन', 'यूज्वली' असं क्रियाविशेषण घालावं लागतं. मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी वाक्यात 'ऑफन' घालायचं सुचत नाही, कारण त्याच्या भाषेत ती जागा क्रियापदाने आधीच भरलेली असते.

जागेचा नियम तसा सोपा आहे. मुख्य क्रियापदाच्या आधी 'ऑफन' येतो: 'शी ऑफन गोज टू पनवेल.' पण 'इज', 'आर', 'वॉज' अशी क्रियापदं असतील तर त्यांच्या नंतर: 'द ट्रेन इज ऑफन लेट.' सहायक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: 'आय हॅव ऑफन सीन हिम हिअर.' एवढं पाठ केलं की परीक्षेपुरतं भागतं.

नकारात मात्र खरी परीक्षा आहे. 'द फास्ट ट्रेन डझन्ट ऑफन स्टॉप हिअर' आणि 'द फास्ट ट्रेन ऑफन डझन्ट स्टॉप हिअर' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, फक्त 'ऑफन'ने जागा बदलली. पहिल्याचा अर्थ: जलद गाडी इथे सहसा थांबत नाही, थांबलीच तर क्वचित. दुसऱ्याचा अर्थ: बऱ्याचदा ती थांबत नाही, पण अनेकदा थांबतही असेल. पहिलं वाक्य ऐकून माणूस धीमी गाडी धरेल, दुसरं ऐकून फलाटावर वाट पाहत राहील. मराठीने हा फरक जागेवर सोपवला नाही, दोन वेगळे शब्दच ठेवले. 'सहसा' हा शब्द मराठीत बहुतेक वेळा नकाराच्या सोबतीनेच येतो: सहसा बोलत नाही, सहसा चुकत नाही. संस्कृतात याच शब्दाचा अर्थ 'एकाएकी, अविचाराने' असा होता. 'एकाएकी करत नाही' पासून 'साधारणपणे करत नाही' हा प्रवास कसा झाला असेल याचा अंदाज करता येतो, आणि नकाराशी त्याची जवळीक का राहिली असावी याचाही.

मराठीजवळ आणखी एक सोय आहे, ती म्हणजे 'दा' हा प्रत्यय. एकदा, दोनदा, तीनदा, कितीदा, बऱ्याचदा, शंभरदा. इंग्रजीत 'वन्स', 'ट्वाइस' आणि आता जुनाट झालेला 'थ्राइस' यांच्यापुढे असा प्रत्यय चालत नाही, मग 'टाइम्स' हा शब्द लावावा लागतो. शिवाय आपण शब्द दुहेरी करून वारंवारता दाखवतो: कधीकधी, अधूनमधून, वेळोवेळी, क्षणोक्षणी. यातही छटा आहेत. 'अधूनमधून'मध्ये अनियमितपणा आहे, 'वेळोवेळी'त एक जबाबदारी आहे, आणि 'वारंवार'मध्ये बहुतेकदा तक्रार असते. 'वारंवार अर्ज करूनही' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य कुठे जाणार हे आपल्याला आधीच कळतं. म्हणून 'ऑफन'ला डोळे मिटून 'वारंवार' म्हणणं मला पटत नाही. 'वी ऑफन हॅव टी टुगेदर' याचं भाषांतर 'आम्ही वारंवार एकत्र चहा घेतो' असं केलं तर त्या चहाची गोडी जाते. तिथे 'बऱ्याचदा' किंवा 'पुष्कळदा' हवं.

तक्रारीसाठी इंग्रजी वेगळी युक्ती करते. 'ऑलवेज'ला चालू काळ जोडला की वैताग दिसतो: 'ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग.' मराठीतही अगदी हीच घडण आहे: 'तो सारखा तक्रार करत असतो.' दोन दूरच्या भाषांनी वैतागासाठी चालू क्रिया निवडली, हे शिकवताना आवर्जून दाखवावं. मुलांना नियम पाठ करण्यापेक्षा ही ओळख पटली की जास्त लक्षात राहतं.

उच्चाराबद्दल एक शंका नेहमी निघते. 'ऑफन' की 'ऑफ्टन'? जुना शब्द 'ऑफ्ट' होता, त्यात 'ट' ऐकू येई. पुढे 'लिसन', 'सॉफन', 'फासन' यांच्याप्रमाणे याही शब्दातला 'ट' बोलण्यातून गळला. लिहिताना मात्र तो टिकला, आणि वाचणारे वाढले तसा लिहिलेलं पाहून काहींनी तो पुन्हा उच्चारायला सुरुवात केली. आज शब्दकोश दोन्ही उच्चार देतात. मुलगा 'ऑफ्टन' म्हणाला म्हणून त्याला वर्गात हसू नये.

एवढं शिकून झालं तरी मूळ प्रश्न उरतोच. 'ऑफन' म्हणजे किती? इंग्रजीच्या अनेक पुस्तकांत एक तक्ता असतो. 'ऑलवेज'समोर १०० टक्के, 'नेव्हर'समोर शून्य आणि मध्ये 'यूज्वली', 'ऑफन', 'समटाइम्स', 'रेअरली' उतरत्या क्रमाने. क्रम समजायला तो तक्ता चांगला आहे, पण त्यातले मधले आकडे कोणी मोजून काढलेले नसतात, आणि निरनिराळ्या पुस्तकांत ते निरनिराळे असतात. ज्यांनी खरोखर विचारून पाहिलं त्यांचे निष्कर्ष जास्त उद्बोधक आहेत. अमेरिकेत रे सिम्पसन यांनी १९४४ मध्ये विद्यार्थ्यांना अशा शब्दांची यादी देऊन प्रत्येकासाठी शंभरातला आकडा विचारला. १९६८ मध्ये मिल्टन हेकेल यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि लेखाला नाव दिलं, 'ऑफन म्हणजे किती वेळा?' शब्दांचा क्रम दोन्ही वेळा जवळपास सारखा आला. पण एकाच शब्दासाठी माणसामाणसाने दिलेल्या आकड्यांत मोठी तफावत होती. म्हणजे 'ऑफन' हा 'समटाइम्स'पेक्षा जास्त, यावर एकमत आहे. किती जास्त, यावर नाही.

पुढे १९७४ मध्ये पेपर आणि प्रिटुलॅक यांनी दाखवलं की शब्दाचा आकडा विषयाप्रमाणेही बदलतो. जी गोष्ट मुळातच दुर्मीळ समजली जाते, तिच्यासाठी 'फ्रीक्वेंटली' वापरला तर लोक लहान आकडा धरतात. आपल्याला हे सहज पटेल. 'तो बऱ्याचदा चहा घेतो' म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. 'तो बऱ्याचदा दवाखान्यात भरती होतो' म्हणजे वर्षातून तीन वेळा झालं तरी पुष्कळ. दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या रुळांवर ९ जून २०२५ रोजी गर्दीच्या लोकलच्या दारातली माणसं खाली पडून मृत्यू पावली. अशा अपघातांसाठी 'वारंवार' हा शब्द वापरताना कोणी शंभरातलं प्रमाण मनात धरत नाही. एक घटनासुद्धा ज्या बाबतीत फार वाटावी, तिथे तिसऱ्या घटनेलाच 'वारंवार' म्हणणं योग्य आहे. हा शब्द घटनांची संख्या सांगतो, तसंच आपण किती सहन करायला तयार आहोत हेही सांगतो.

त्यात आठवणीचाही हात असतो. एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध निबंध वारंवारतेच्या अंदाजाबद्दलच आहे. त्यांनी लोकांना विचारलं, इंग्रजीत 'के' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला जास्त वेळा येतं की तिसऱ्या जागी? बहुतेकांनी सुरुवातीला असं सांगितलं. प्रत्यक्षात ते तिसऱ्या जागी जास्त येतं. 'के'ने सुरू होणारे शब्द चटकन आठवतात, म्हणून ते जास्त आहेत असं वाटतं. जे सहज आठवतं ते नेहमी घडतं, असा मनाचा हिशेब असतो. सुटलेली लोकल आठवते, वेळेवर मिळालेली आठवत नाही.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. 'तुम्हाला तसं वाटतं, प्रत्यक्षात तसं नाही' हे उत्तर प्रवाशाला फार लवकर दिलं जातं. दिव्याचा प्रवासी म्हणतो, "गाडीला नेहमीच गर्दी असते." सरासरी काढणारा म्हणतो, गाड्या इतक्या आहेत, सरासरी अंतर इतकं आहे, म्हणजे 'नेहमीच' ही अतिशयोक्ती झाली. दोघांचे आकडे बरोबर असू शकतात आणि तरीही प्रवाशाचा 'नेहमी' खरा ठरतो. हे कसं, ते नीट पाहू.

समजा एखाद्या मार्गावर तासाला दहा गाड्या आहेत, पण त्या सारख्या अंतराने येत नाहीत. एक गाडी दोन मिनिटांनी, पुढची दहा मिनिटांनी, पुन्हा दोन, पुन्हा दहा. सरासरी अंतर सहा मिनिटं. यावरून सरासरी वाट तीन मिनिटांची असेल असं वाटतं. पण प्रवासी फलाटावर येतो तो बाराच्या चक्रातल्या कोणत्याही मिनिटाला. बारापैकी दहा मिनिटं लांब अंतराची आहेत. त्यामुळे सहापैकी पाच प्रवासी लांब अंतरातच सापडतात आणि सरासरी पाच मिनिटं थांबतात. उरलेला एक सरासरी एक मिनिट थांबतो. सगळ्यांची मिळून सरासरी वाट चार मिनिटं वीस सेकंद होते. वेळापत्रकावरून काढलेल्या तीन मिनिटांपेक्षा ती जवळजवळ दीडपट आहे.

गर्दीचं गणित याहून कठोर आहे. मिनिटाला साठ माणसं फलाटावर येतात असं धरा. दोन मिनिटांनी आलेल्या गाडीत इथून १२० माणसं चढतील, दहा मिनिटांनी आलेल्या गाडीत ६००. गाड्यांच्या बाजूने मोजलं तर दर गाडीला सरासरी ३६० माणसं, आणि दर दोन गाड्यांपैकी एक मोकळी. पण त्या ७२० माणसांना विचारत गेलात तर ६०० जण सांगतील की आपली गाडी खच्चून भरली होती, आणि फक्त १२० जण सांगतील की मोकळी होती. प्रवाशाच्या बाजूने सरासरी गर्दी ५२० माणसांची येते. गणितात याला निरीक्षणाचा विरोधाभास म्हणतात. कारण साधं आहे: मोकळ्या गाडीची साक्ष द्यायला माणसंच थोडी असतात. भरलेल्या गाडीचे साक्षीदार मात्र फार असतात. प्रवाशाचा 'नेहमी' हा माणसांवर मोजलेला असतो आणि अहवालातला 'निम्म्या वेळा' हा गाड्यांवर. दोघे वेगळ्या गोष्टी मोजतात. मला विचाराल तर माणसं वाहून नेणाऱ्या व्यवस्थेने माणसांवर मोजावं.

दिव्यात अंतरं विषम होण्याची कारणं बरीच आहेत. वेगवेगळ्या दिशांचे फाटे इथे एकत्र येतात. रुळांवरून रस्ता ओलांडण्याच्या फाटकामुळे गाड्या खोळंबल्याची तक्रार वर्षानुवर्षं आहे: रस्त्यावरच्या वाहनांसाठी फाटक उघडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवाव्या लागतात. शिवाय उशीर स्वतःला वाढवत नेतो. उशिरा आलेल्या गाडीसाठी फलाटावर जास्त माणसं साठलेली असतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे ती आणखी उशिरा सुटते आणि मागची गाडी तिच्या जवळ येते. मागच्या गाडीला माणसं कमी मिळतात. अंतर एकदा बिघडलं की असं बिघडत जातं. म्हणूनच 'फेऱ्या वाढवल्या' या घोषणेबरोबर 'अंतर सारखं ठेवलं' हेही ऐकायला मिळालं पाहिजे. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्यात प्रवाशांनी रूळ अडवले, त्यामागे एका सकाळचा बिघाड होता आणि साठत आलेले बरेच 'नेहमी' होते. डिसेंबर २०१६ पासून काही जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ठाणे-दिवा पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेचं उद्घाटन झालं, लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली आणि ३६ लोकल फेऱ्या वाढवण्याचं जाहीर झालं. वाढ खरी आहे. प्रवासी आपल्या वेळची गाडी बघून मत देतो, हेही तितकंच खरं आहे.

वाटेवरून आठवलं. 'ऑलवेज' या शब्दाच्या पोटातही वाट आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सगळी वाट' असा होता, पुढे तो 'सगळा वेळ' झाला. आपला 'क्वचित'ही असाच स्थळातून काळात आला. त्यातल्या 'क्व'चा अर्थ 'कुठे'. आधी 'कुठेतरी', मग 'कधीतरी'.

स्थळाचा आणि काळाचा हा संबंध हवामानाच्या अंदाजात आजही गोंधळ घालतो. 'कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' हे वाक्य आपण पावसाळाभर ऐकतो. ऐकणारा त्याचा अर्थ 'थोडा वेळ, अधूनमधून' असा घेतो. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत हे शब्द जागांसाठी आहेत आणि त्यांना आकडे नेमून दिलेले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, त्यापुढचा शब्द ५१ ते ७५ टक्क्यांसाठी, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. 'तुरळक'मध्ये पाऊस कमी पडेल असं कुठेही म्हटलेलं नाही. ज्या ठिकाणी पडेल तिथे तो मुसळधारच असेल. ही व्याख्या अंदाजासोबत एका ओळीत छापली तर किती गैरसमज टळतील!

औषधांच्या माहितीपत्रकातही असेच आकडे शब्दांच्या मागे दडलेले असतात. युरोपात ठरलेल्या पद्धतीप्रमाणे दुष्परिणाम 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहात एक किंवा त्याहून अधिक लोकांना होणारा, 'कॉमन' म्हणजे शंभरात एक ते दहात एक, 'अनकॉमन' म्हणजे हजारात एक ते शंभरात एक, 'रेअर' म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. 'कॉमन' वाचून घाबरलेला रुग्ण मनात बहुधा यापेक्षा कितीतरी मोठा आकडा धरतो आणि गोळी बंद करतो. त्याला शब्दाऐवजी 'शंभरातल्या एक ते दहा जणांना' असं सांगितलं तर तो निर्णय वेगळा घेईल. इथे शब्द अपुरा आहे आणि आकडा माणसाच्या उपयोगाचा आहे.

शब्दाबरोबर आकडा आला तरी तो नीट वाचावा लागतो, याचं आपल्या भागातलं उदाहरण पुराचं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच वेळी उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात हाहाकार उडवला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे शब्द वापरले जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निश्चिंत. पण त्या शब्दांचा अर्थ दोन पुरांमधलं अंतर असा नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच तो आहे. दिव्यासारख्या खाडीकाठच्या सखल भागात कोणी वीस वर्षांच्या कर्जावर तळमजल्याचं घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता १८ टक्के, म्हणजे साधारण साडेपाचात एक. आणि गेल्याच वर्षी तो येऊन गेला असला तरी पुढच्या पावसाळ्यातली शक्यता तितकीच राहते, शंभरात एक.